मावशी, नाचायला जाऊ का?

मागच्या अंकात परदेशी शिकणाऱ्या पोरांनी एका कुकरवर आठवडा कसा काढावा, याबद्दल लिहिलं होतं. वाटलं, आता डाळ-तांदळाच्या शंका येतील. पण निम्म्याहून जास्त पत्रं आली ती एकाच विषयावर: शनिवारची रात्र, मित्रमैत्रिणी आणि नाच. काही तिकडे राहणाऱ्यांची, बरीचशी इथे बसून काळजी करणाऱ्यांची. नव्या वाचकांसाठी सांगते, मी जळगावला जर्मन शिकवते आणि त्याआधी बरीच वर्षं बर्लिनला नोकरी केली, म्हणून उत्तरं जर्मनीकडे झुकतील. नावं छापलेली नाहीत. कुणी शोधत बसू नये.

पाचोऱ्याहून एक आई लिहितात: माझी मुलगी बर्लिनला एम.एस. करते. हुशार आहे, रोज फोन करते. मागच्या महिन्यात तिनं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला एक व्हिडिओ ठेवला. अंधार, लाल-निळे दिवे आणि ही पाच-सहा मित्रमैत्रिणींबरोबर नाचते आहे. माझ्या जेठांनी तो बघितला आणि ह्यांना फोन केला, 'पोरगी शिकायला पाठवली का नाचायला?' तेव्हापासून हे तिच्याशी धड बोलत नाहीत. ती म्हणते, 'आई, आम्ही नुसतं नाचत होतो.' नुसतं म्हणजे काय, तेच मला कळत नाही. तिला काय सांगू आणि ह्यांना काय सांगू?

ताई, आधी त्या व्हिडिओचं बघू. बर्लिनच्या नावाजलेल्या टेक्नो (म्हणजे यंत्रावर वाजवलेल्या, एकसारख्या ठोक्यांच्या संगीताच्या) क्लबांत दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, पुढच्या आणि मागच्याही. आत फोटो काढताना सापडलात तर सरळ बाहेर. तुमच्या लेकीनं व्हिडिओ काढला, त्यात चेहरे ओळखू येतात, म्हणजे ती जागा बहुतेक तसली नव्हेच. विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरातली पार्टी असेल, नाहीतर एखाद्या बारमध्ये अधूनमधून हिंदी गाण्यांची रात्र ठेवतात ती असेल. जेठांना फक्त लाल दिवा दिसला.

आणि वेळ बघा. हिवाळ्यात बर्लिनला रात्रीचे तीन वाजतात तेव्हा पाचोऱ्याला सकाळचे साडेसात झालेले असतात. पोरीचा शनिवार अजून संपायचा होता आणि जेठांचा रविवार चहाबरोबर सुरू झाला होता. आंघोळ-देवपूजा झालेल्या माणसानं दुसऱ्याची रात्र बघितली की ती वाईटच दिसायची.

आता 'नुसतं' म्हणजे काय, ते सविस्तर सांगते, कारण पोरं ते आईबापांना कधी सांगत नाहीत.

रात्र सुरू होते ती स्वयंपाकघरात. नऊच्या सुमारास कुणाच्या तरी खोलीवर जमायचं. बाहेरचं खाणं परवडत नाही म्हणून एकीनं पास्ता उकडायचा, दुसऱ्यानं कांदे चिरायचे. आमच्या टोळीत एक पोलंडची, एक बर्लिनमध्येच जन्मलेली तुर्की घरातली, एक कोल्हापूरचा आणि मी. कोल्हापूरकर पास्त्यात कांदा-लसूण मसाला घालायचा आणि पोलंडवाली नाक पुसत पुसत परत वाढून घ्यायची. अकरा वाजता 'मी काय घालू' हा कार्यक्रम. बाराच्या आत पोचलात तर रिकाम्या मांडवात जाऊन बसल्यासारखं होतं, म्हणून निघायचंच बारानंतर.

मग रांग. जानेवारीच्या थंडीत पायाची बोटं बधिर होईस्तोवर उभं राहायचं. आत शिरायचे पंधरा-वीस युरो, म्हणजे आपले दीड-दोन हजार रुपये, त्यामुळे विद्यार्थ्याला हे दर आठवड्याला झेपतच नाही. ही गोष्ट ह्यांना जरूर सांगा. आत गेल्यावर पहिलं काम कोट ठेवायचं. त्या खोलीला गार्डेरोबं म्हणतात. पैसे द्यायचे, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि तो रात्रभर सांभाळायचा. आमच्या तुर्की मैत्रिणीनं एकदा बिल्ला हरवला. खिडकीवरची बाई म्हणाली, सगळे गेल्यावर ये. सकाळी सगळे कोट गेले, एक राहिला, तो हिचा. तोवर आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून पेंगत होतो. परदेशातल्या नाचाच्या रात्रीतला बराचसा वेळ असा कोट, रांग आणि 'ती कुठं गेली' यातच जातो.

आणि नाच? आवाज कानापेक्षा बरगड्यांना जास्त कळतो. पण मला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं ते आवाजानं नव्हे. आपल्याकडे हळदीत आपण कुणाच्या तरी समोर नाचतो. शूटिंगवाला लाइट उंच धरून फिरत असतो, ज्याच्यावर उजेड पडेल त्याला चेव. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आत्या-मावश्या-मामेसासवा, कोण कुणाच्या हाताला धरून नाचलं याची मनात नोंद करत. तिथे मी तो लाइटवाला शोधत होते, व माय! कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांची तोंडं डीजेकडे, शेजारचा डोळे मिटलेला. मी कोण, कुठली, कुणाची पोरगी, कुणाला घेणंदेणं नाही. अर्धा तास मला ते अजिबात रुचलं नाही. त्यानंतर मात्र पोलंडवालीला मला ओढून बाहेर काढावं लागलं.

जेठांना खटकलंय ते हे. नाच खटकलेला नाही. वरातीत बँडपुढे न नाचलेला काका खान्देशात मी तरी बघितलेला नाही, आणि अहिराणी गाणं लागलं की सुनांना हाताला धरून ओढणाऱ्या सासवा तुम्हीही बघितल्या असतील. आपल्या नाचाला निमित्त लागतं: हळद, वरात, विसर्जन, कानबाईची मिरवणूक. निमित्त असलं की रात्रीचा एक वाजला तरी चालतो आणि चारी बाजूंना ओळखीची माणसं असली की पोरगी आपल्या डोळ्यांसमोर असते. तिकडे शनिवार हेच निमित्त, आणि ओळखीचं कुणी नसतं. पोरीला ज्यानं मोकळं वाटतं, नेमकं त्यानंच बापाला झोप लागत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाही.

हे भांडण जुनंही आहे. लंडनमध्ये १९८०च्या दशकात पंजाबी-गुजराती घरांतल्या पोरापोरींना रात्री बाहेर सोडत नसत. तर त्यांनी नाच दुपारीच भरवायला सुरुवात केली. भांगड्याचे बँड, भर दुपारी भरलेला हॉल, कॉलेज बुडवून आलेली पोरं, दप्तरात नाचायचे कपडे. संध्याकाळी सगळे शहाण्यासारखे घरी जेवायला. आईबापांना वाटायचं, पोरं शिकतायत.

तुमच्या ह्यांना एवढंच सांगा की पोरीला 'का गेलीस' विचारू नका, 'घरी कशी आलीस' ते विचारा. का गेलीस म्हटलं की पुढच्या वेळेपासून ती सांगणंच बंद करेल. कशी आलीस म्हटलं की खरी माहिती मिळेल. बर्लिनमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, इतर रात्री त्याच मार्गांवर बस. पहाटे चारच्या डब्यात इतकी गर्दी असते की बसायला जागा मिळत नाही. ते शहर रात्री बंद होतच नाही. पश्चिम बर्लिनमध्ये तर बार बंद करायची सक्तीची वेळ १९४९ सालीच उठवली. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी डीजेला रात्री दहाची वेळ घातली. दहा वाजले की पोलिसांची गाडी, आणि गाडी वळली की ढोलकी.

पोरीलाही एक सांगायचंय. स्टेटस ठेवताना कुणाकुणाला दिसू नये, ते निवडायची सोय असते. तिथे मोठ्या काकांच्या नावावर टिचकी मार. हा सल्ला छापायचा का, असं संपादकांनी विचारलं. म्हटलं, छापा. जेठ हे मासिक वाचत असतील तर ताईंची अडचण होईल खरी, पण मग त्यांनी वरचा परिच्छेदही वाचलेला असेल.

शिरपूरचा एक तरुण म्युनिकहून लिहितो: आम्ही चौघं मित्र, चारही भारतीय, क्लबला गेलो. दारावरच्या माणसानं आम्हाला बघून नुसती मान हलवली. मागून आलेल्या जर्मन पोरापोरींना आत सोडलं. कातडीचा रंग बघून हाकललं का? मन फार खट्टू झालं.

असेल. नसेलही. दोन्ही ऐक, भो.

नुसत्या पोरांचा घोळका, तोही मोठ्यानं बोलणारा, हा जगातल्या कुठल्याच दारावर आवडत नाही. जर्मन पोरांचे असले घोळकेही परत जाताना मी बघितलेत. दारावरच्या माणसाला कारण सांगावं लागत नाही आणि तो सांगतही नाही. म्हणून पुढच्या वेळी दोघं-दोघं जा, बरोबर वर्गातल्या मुली असल्या तर उत्तम, रांगेत आपसात हिंदी-मराठीचा गलका करू नका. त्यानं काही विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर दे, मोडकं असलं तरी चालेल. पासपोर्ट नाहीतर रेसिडेन्स कार्ड खिशात हवं. 'नाही' म्हटलं की हुज्जत घालायची नाही. त्या माणसाशी वाद घालून आत गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता दुसरी बाजू. रंग बघून हाकलणं घडतं, आणि ते बेकायदा आहे. जर्मनीत २००६ सालापासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि तो क्लबच्या दारालाही लागतो. म्युनिकमध्येच आफ्रिकी वंशाच्या एका माणसानं दावा लावून काही शे युरोंची भरपाई मिळवली आहे. पण मुदत कमी असते. दोन महिन्यांच्या आत क्लबकडे लेखी मागणी गेली पाहिजे. त्यासाठी त्याच रात्री तारीख, वेळ, दारावरचा माणूस काय बोलला आणि साक्षीदार कोण, एवढं मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं. तुझ्या पत्रात तारीखसुद्धा नाही. सिद्ध करणं अवघड असतं हे खरं, पण मन खट्टू करून घरी येण्यापेक्षा चार ओळी लिहून ठेवणं बरं. सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय आहे, ते सल्ल्याचे पैसे घेत नाही.

आणि त्या रात्री तुम्ही चौघं पुढे कुठं गेलात, ते तू लिहिलंच नाहीस. खोलीवर जाऊन स्पीकर लावला असेल तर शेजाऱ्याचं पत्रही येईल आता. जर्मनीत रात्री दहानंतर शेजारी फार कडक.

धरणगावहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: रात्री-अपरात्री मुलामुलींनी एकत्र नाचणे ही आपली संस्कृती नव्हे. आपण वर्गात शिकवणाऱ्या बाई आहात. तरुणांना अशा गोष्टींचे उत्तेजन का देता?

गुरुजी, नमस्कार. उत्तेजन देत नाही, विचारलं त्याचं उत्तर देते.

'आपली' म्हणताना तुम्ही सातपुडा धरता की वगळता? अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी असते. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, आणि ढोलांवर अख्खी रात्र नाच. होळी पेटते ती पहाटे. बाया, बाप्ये, पोरं, पोरी, सगळे असतात. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारांत चोपडा-यावलकडच्या पाड्यांवरची पोरंपोरी ढोलाबरोबर नाचतात. धरणगावपासून चोपडा काही लांब नाही. आपल्याच जिल्ह्यातली माणसं आपल्या संस्कृतीत मोजायची राहून जातात.

दुसरं असं की तुमची काळजी काही फक्त आपल्याकडची नाही. आयर्लंडमध्ये पाद्र्यांनी ओरड केली म्हणून १९३५ साली कायदा झाला, सार्वजनिक नाचाला कोर्टाकडून परवाना घ्या. जपानमध्ये १९४८च्या एका कायद्यामुळे क्लबांत मध्यरात्रीनंतर नाचायला बंदी होती, ती २०१६ साली सैल झाली. स्वीडनसारख्या मोकळ्या देशात बारमालकाला गिऱ्हाइकं नाचवायची तर पोलिसांची परवानगी लागायची. हा नियम १ जुलै २०२३ ला गेला, म्हणजे अगदी काल-परवा. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आजही गुड फ्रायडेला सार्वजनिक नाच बंद असतो. आणि त्याच जर्मनीनं २०२४ साली बर्लिनच्या टेक्नोला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एका हातानं दार बंद, दुसऱ्या हातानं सत्कार. आपल्याकडे नाचणाऱ्या गौतमी पाटीलचा कार्यक्रम असला की असंच चालतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

एक गोष्ट तुमची खरी धरते. तिथे दारू असते आणि काही जागी नशेच्या गोळ्याही असतात. त्यावर पांघरूण घालून मी नाचाची बाजू घेणार नाही. वर्गात पोरांना स्पष्ट सांगते: कुणी हातावर काही ठेवलं तर घ्यायचं नाही, दुसऱ्यासाठी खिशात ठेवायचंसुद्धा नाही. पोलिसांनी धरलं तर डिग्री आणि व्हिसा दोन्ही जातील, आणि शेती गहाण ठेवून पाठवणाऱ्या बापाला मी तोंड दाखवू शकणार नाही.

भुसावळची एक नर्स जर्मनीहून लिहिते: माझ्या वॉर्डातल्या मुली महिन्यातून एखाद्या वेळी नाचायला जातात, मलाही बोलावतात. मी दारू पीत नाही. हातात पाण्याचा ग्लास बघून चेष्टा होते. परत येतानाही भीती वाटते. जावं की नको?

जा. आठवडाभर रात्रपाळ्या करून तू फक्त खोली आणि वॉर्ड बघितलास तर सहा महिन्यांत भाषा येईल पण माणसं ओळखीची होणार नाहीत. वॉर्डात जी सिस्टर तुझ्याशी तुटक बोलते, तीच पहाटे दोनला तुझ्या खांद्यावर हात टाकून नाचेल आणि सोमवारी ड्यूटी बदलून देईल. हे मी बघितलेलं आहे.

हातात काय धरायचं, त्याचा तोडगा सोपा. आपफेलशोर्ले माग. सफरचंदाचा रस आणि सोडा. रंग पिवळसर, वर फेस, अंधारात बिअर म्हणून खपतं. जर्मनीत असा कायदाच आहे की निदान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये. तेव्हा स्वस्तातही पडेल. पण खरं सांगू? पहिल्या दोन रात्रींनंतर तुझ्या ग्लासात काय आहे, याकडे कुणी बघणार नाही. जी दारूवर अडून बसेल तिला सोड, बाकीच्या ठेव.

आता ग्लासाबद्दल जरा कडक होते. बाटली असेल तर तोंडावर अंगठा, ग्लास असेल तर वर तळहात. ठेवून नाचायला गेलीस तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, भले भरलेला असो. अनोळखी माणसानं आणलेलं पेय नाही घ्यायचं. बारवाल्याच्या हातून तुझ्या हातात आलं तरच तुझं. तू नर्स आहेस, कोणी अचानक बरळायला लागलं, पाय लटपटले, आणि तिनं तेवढी प्यायलेली नसली, तर काय समजायचं ते तुला मी सांगायला नको. ॲम्ब्युलन्स ११२, पोलीस ११०.

कुणी मागे लागलं, सोडत नसलं, तर बारवर जाऊन विचार, 'इस्ट लुइझा हिअर?' म्हणजे लुइझा इथे आहे का. ही २०१६ साली म्युन्स्टर गावात सुरू झालेली युक्ती. जिथे ती पाळतात तिथल्या बारवाल्यांना कळतं की पोरीला मदत हवी आहे. काही न विचारता तुला आत नेतील, टॅक्सी बोलावतील. इंग्लंडमध्ये याच कामाला अँजेलाचं नाव घेतात. दोन्ही बायका कधी सापडत नाहीत, पण खूप पोरींना त्यांनी घरी पोचवलंय.

परत यायची वेळ घरून निघतानाच ठरव, आणि कुणाबरोबर यायचं तेही. कानात घालायचे बोळे न्यायला विसरू नको. वॉर्डात दुसऱ्या दिवशी कान वाजत असले की मॉनिटरची शिट्टी कुठली आणि आपली कुठली, ते कळत नाही.

अमळनेरहून एक विद्यार्थिनी: सप्टेंबरला इंग्लंडला चालले. मला अजिबात नाचता येत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगलाही मी पडद्यामागे असायचे. तिथे सगळ्या गेल्या तर मी काय करू?

शाळेत लेझीम केलंस ना? झालं तर. क्लबमधलं बरंचसं संगीत चार-चार ठोक्यांचं असतं, मिनिटाला एकशेवीस-तीसच्या घरात. लेझीमची चाल पायात ठेव, हात कोपरातून सैल सोड, खाली वाकायचं तेवढं गाळ. कुणी विचारलं, कुठं शिकलीस, तर सांग, शाळेच्या ग्राउंडवर, पंधरा ऑगस्टला.

दोन तास कसलेही हातवारे कर, चालतं. फक्त नागीण सुरुवातीलाच करू नको. ती शेवटी काढ. इंग्रज पोरं तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतील आणि पुढची तीन वर्षं तू 'स्नेक गर्ल' म्हणून ओळखली जाशील, याची तयारी ठेव.

इंग्लंडच्या बारमध्ये नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा नियमच आहे. लाजू नको. आणि पासपोर्ट घेऊन नाचायला जाऊ नको. तिथे काही महिने झाले की शिकाऊ ड्रायव्हिंग लायसन्स काढून घे, ओळखपत्र म्हणून दारावर चालतं. पासपोर्ट हरवून लंडनच्या फेऱ्या मारणाऱ्या पोरांचे फोन मला येतात.

धडगाव तालुक्यातला एक पावरा आदिवासी तरुण डब्लिनहून लिहितो: सरकारी शिष्यवृत्तीवर शिकतोय. मित्रांबरोबर एक-दोनदा नाचायला गेलो, मजा आली. आता विद्यापीठात वेगवेगळ्या देशांची संध्याकाळ आहे आणि ते म्हणतात, तुमच्या होळीचा नाच स्टेजवर करून दाखव. ढोल नाही, गावातली माणसं नाहीत. एकट्यानं कसा करू? नको म्हटलं तर वाईट दिसेल का?

बाळा, मी तुमच्याकडच्या होळीला पाहुणी म्हणून आलेली बाई. तुझा नाच तुला मी काय सांगू? पण विचारलंस म्हणून.

बुध्या होऊन, म्हणजे होळीत ते भोपळे-घुंगरं बांधून, नाचणाऱ्याचा नवस असतो, त्याआधी तो किती नेम पाळतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. ते स्टेजवर दहा मिनिटांत करून दाखवायचं नाही, असं तुला आतून वाटत असेल तर तसंच सांगून टाक. 'तो नाच होळीचा आहे, मार्चमध्ये गावाला या,' एवढं पुरतं. आयरिश माणसाला नवस, उपास, डोंगरावरची यात्रा हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याकडेही लोक अनवाणी डोंगर चढतात.

पण हातात हात गुंफून गोल धरायचा नाच असतो ना, लग्नातला, तो नवसाचा नाही. तो दाखवायचा नसतो, त्यात ओढायचं असतं. स्टेजवर चढूच नको. कार्यक्रम संपला की खुर्च्या कडेला सारा, गावाकडून भावाला ढोलाचं रेकॉर्डिंग पाठवायला सांग आणि आठ-दहा जणांना कमरेत हात घालून उभं कर. पहिली दोन वळणं सगळे एकमेकांच्या पायावर पाय देतील. तिथले लोक लवकर शिकतात, कारण त्यांच्याकडे 'केली' म्हणून असाच सगळ्यांनी मिळून करायचा नाच असतो, जोड्या बदलत, रांगा करत. त्या बदल्यात तू त्यांचा शीक. क्लबमधला प्रत्येक जण आपापला नाचतो, शेजाऱ्याला हात लावत नाही. तुमचा आणि त्यांचा हा जुना नाच मात्र हात सोडला की मोडतो. तुला तिथे कोणता जास्त आवडला, ते पुढच्या पत्रात कळव. मला ठाऊक करून घ्यायचंय.

उरलेल्या छोट्या प्रश्नांना गावावार उत्तरं, थोडक्यात:

जामनेर: नाही, टेक्नोच्या डीजेला फर्माईश करायची नाही. तो वरातीचा बँड नव्हे, वीस युरोची नोट ओवाळलीत तर बाहेर जाल. हिंदी गाण्यांच्या रात्री चालतं.

चाळीसगाव: पायात काय, तर जुने, सपाट, बंद बूट. जमिनीवर बिअर सांडलेली असते आणि काचाही असतात. आईनं घेऊन दिलेली नवी मोजडी कपाटात राहू दे.

यावल: शाकाहारी माणसाला पहाटे चारला बर्लिनमध्ये फलाफल मिळतं, कोपऱ्याकोपऱ्यावर. दुकानदार विचारेल, 'शार्फ?' म्हणजे तिखट हवं का. हो म्हण, पण भरवसा ठेवू नको. काळ्या मसाल्याची पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेव, आणि बिल्ला हरवू नको.